इफ्तारच्या दस्तरखानावर ‘शुगर फ्री’

असरची नमाज आटोपली की राजिवड्यात, मिरकरवाड्यात, कोकणनगरात रस्त्याकडेची टेबलं भरू लागतात. भजी, समोसे, कटलेट, कापलेली कलिंगडं, बर्फात ठेवलेलं दुधातलं गुलाबी सरबत, सब्जा घातलेला फालुदा, मालपुवे. घ्यायला रोजेदार येतात, तशीच ऑफिसातून घरी निघालेली रोजा नसलेली मंडळीही येतात. मालपुव्याला कोणी जात विचारत नाही.

अलीकडे या टेबलांवर आणि घराघरांतल्या फडताळात एक शब्द वाढला आहे : ‘शुगर फ्री’. शुगर फ्री फिरनी, शुगर फ्री खजूर बर्फी, आखातातल्या मुलाने पाठवलेला बिनसाखरेचा सरबताचा डबा. मुळात हे एका कंपनीच्या मालाचं नाव. आपल्याकडे ते साखरेऐवजी घालायच्या सगळ्याच गोड गोळ्या-पुड्यांचं नाव होऊन बसलं. रमजान आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : हे रोज घेतलं तर चालतं का? मधुमेह असलेले विचारतात, आणि महिनाभर तळलेलं खाऊन वजन वाढेल म्हणून धास्तावलेले धडधाकट लोकही विचारतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही, आणि घोळ होतो तो तिथेच.

या नावाखाली निरनिराळी द्रव्यं विकली जातात. सॅकरिन सर्वांत जुनं, १८७९ सालचं. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट. स्टेव्हिया एका झाडाच्या पानांतून काढतात, म्हणून त्याच्या डब्यावर हिरवी पानं छापलेली असतात. एरिथ्रिटॉल यांहून वेगळं, दिसायला साखरेसारखं आणि साखरेसारखंच चमच्याने मापून घालायचं. एक घरगुती गोष्ट इथेच सांगून टाकतो : अ‍ॅस्पार्टेम आचेवर टिकत नाही, त्याची गोडी जाते. खीर उकळताना त्याच्या पुड्या टाकणाऱ्यांची खीर अळणी का होते, याचं कारण हे. शिजवायच्या पदार्थात सुक्रालोज चालतं.

आता भीतीचं. २०२३च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ असलेल्या द्रव्यांच्या यादीत टाकलं. बातमी मोबाइलवरून घरोघर पोचली आणि कित्येकांनी डबे फेकून दिले. त्याच दिवशी अन्नातल्या द्रव्यांची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या जागतिक समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोचलं. ती मर्यादा आहे शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. चहात टाकायच्या एका गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त गोळ्या झाल्या तर मर्यादा गाठली जाईल. दोन-तीन कप चहा पिणाऱ्याने त्या बातमीने झोप उडवून घ्यायचं कारण नव्हतं. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायचंच असतं.

पण विष नाही म्हणजे आरोग्याला चांगलं, असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात याच संघटनेने आणखी एक सूचना दिली होती, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची : वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड द्रव्यांवर भिस्त ठेवू नका. थोड्या काळाच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं. वर्षानुवर्षं ती घेणाऱ्यांच्या पाहण्यांत मात्र टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. यात एक मेख आहे. ज्यांचं वजन आधीच वाढू लागलेलं असतं तेच लोक या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे आजार गोळीमुळे आला की आजाराच्या भीतीने गोळी आली, हे सुटं करणं कठीण. म्हणूनच संघटनेने ही सूचना पक्का निर्वाळा म्हणून दिलेली नाही. शिवाय ती आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही आणि एरिथ्रिटॉलसारख्या द्रव्यांनाही लागू नाही, हे तिच्यातच लिहिलेलं आहे.

एरिथ्रिटॉलवर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३मध्ये बोट ठेवलं. ज्यांच्या रक्तात त्याचं प्रमाण जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त दिसले, आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढल्याचंही दिसलं. अंतिम निकाल लागलेला नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्याने ते रोज चमच्या-चमच्याने घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आपल्या देशातलाही एक प्रयोग आहे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने मधुमेह असलेल्यांच्या चहा-कॉफीतली साखर काढून १२ आठवडे सुक्रालोज दिलं. वजन आणि कंबरेचा घेर थोडा उतरला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सी तपासणीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अपाय दिसला नाही, चमत्कारही झाला नाही.

असं का, ते इफ्तारच्या ताटावर सहज कळतं. चहात दोन चमचे साखरेऐवजी गोळी टाकली तर आठ-दहा ग्रॅम साखर वाचते. मोठ्या मेडजूल जातीच्या एका खजुरात १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते. एका खजुराने रोजा सोडला तर काही बिघडत नाही, पण बोलता बोलता पाच संपतात आणि मग आठवणीने बिनसाखरेचा चहा मागवला जातो. सोबत मैद्याचे समोसे, बटाट्याची भजी. खजूर बर्फीवर ‘शुगर फ्री’ लिहिणारा मिठाईवाला खोटं बोलत नसेल, वरून साखर त्याने घातलेली नसेलच. पण खजूर म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. गुळाचंही तेच. आपल्याकडे ऊस नाही, गूळ घाटावरून कोल्हापूरहून येतो आणि त्याच्याभोवती औषधी असल्याचं वलय आहे. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर सख्खी भावंडं. उकडीच्या मोदकात गूळ आहे म्हणून चार जास्त खाणारे मधुमेही मी पाहिले आहेत. एकादशीला बिनसाखरेच्या चहाबरोबर साबुदाण्याची खिचडी भरपेट खाणारेही. हा घोळ फक्त रमजानचा नाही.

पण रमजानमध्ये एक गोष्ट जिवावर बेतू शकते. माझ्या ओळखीचे एक तांडेल आहेत, आता समुद्रावर जात नाहीत. मधुमेहाची गोळी सुरू, रोजे सगळे. एके दिवशी मगरिबला अर्धा तास असताना त्यांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, बोलणं अडखळू लागलं. सुनेच्या लक्षात आलं की साखर उतरली आहे. रोजा सोडायला लावून तिने पटकन सरबत पाजलं. घरात अब्बांसाठी सगळंच शुगर फ्री आणलेलं, ते सरबतही तसलंच. पंधरा मिनिटं झाली तरी थरथर थांबेना. शेजारणीने धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं तेव्हा ते भानावर आले.

गोड लागणं आणि साखर असणं वेगळं. जिभेला फसवणारी गोळी रक्ताला काही देत नाही. एरवी तोच तिचा गुण, आणि साखर उतरलेली असताना तोच धोका. अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न ओतता थेट दवाखाना. ज्या घरात मधुमेही रोजेदार आहे त्या घरात खऱ्या साखरेचा डबा हाताशी हवाच.

ही भीती उगाच घातलेली नाही. भारतासह १३ देशांत २००१मध्ये झालेल्या एपिडायर या पाहणीत टाइप २ मधुमेहींमध्ये साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढलेले दिसले. ग्लिमेपिराईडच्या जातीची औषधं आणि इन्सुलिन यांत हा धोका जास्त. त्यांची मात्रा आणि वेळ रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते, आपल्या मनाने नव्हे. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, असं मधुमेहतज्ज्ञांचं जागतिक मार्गदर्शन सांगतं. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं सर्वसाधारण मत आहे. आजाऱ्याला रोज्यातून सूट तर कुरआननेच दिलेली आहे : बरं झाल्यावर रोजा भरून काढायचा, ते शक्यच नसेल तर फिदया, म्हणजे गरजूला जेवण. तरीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा ओढणारे मोहल्ल्यात कमी नाहीत.

आणि हा प्रश्न थोडक्या घरांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के.

मग रोज घ्यावं की नाही? मधुमेह असेल आणि चहा गोडच लागत असेल तर दिवसाला दोन-तीन गोळ्या साखरेपेक्षा बऱ्या. मधुमेह नसेल तर गोळीची सवय लावून घेण्यापेक्षा गोडच कमी करत न्यावं. साखर हळूहळू उतरवली तर दोन-तीन महिन्यांत जीभ कमी गोडाला सरावते. रमजानने त्याची सुरुवात तेवढी होते. मुलांना तर यातलं काहीच देऊ नये. मुलांसाठी शिफारस नाही, असं कित्येक डब्यांवर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं.

तहानेसाठी आपल्याकडे कोकम आहेच. अमृत कोकम नव्हे, त्यात सालींपेक्षा साखरच जास्त. आगळाचे दोन चमचे, गार पाणी, चिमूटभर जिरेपूड. वेगळं मीठ नको, आगळात ते भरपूर असतं, आणि रक्तदाब असलेल्यांनी तर एका पेल्यावर थांबावं.

राहिला ईदचा शीरखुर्मा. रत्नागिरीत ईदला घरी येणाऱ्यांत शेजारपाजारची हिंदू मंडळी भरपूर असतात आणि त्यांतले बरेच आता ‘मला बिनसाखरेचा’ म्हणून सांगतात. काही घरांत त्यांच्यासाठी सुक्रालोज घातलेला टोप वेगळा ठेवतात. तो जरूर ठेवावा, पण देताना पाहुण्याला सांगावं की साखर घातली नाही एवढंच. दुधाची साखर त्यात आहे, शेवया मैद्याच्या आहेत आणि खारका कापून घातल्या आहेत. वाटी लहान घ्यावी, आणि दुसऱ्या घरी जायचं असेल तर तिथे नुसता सुकामेवा मागून घ्यावा. कोणी वाईट वाटून घेत नाही.