बीजांकुरण आणि स्नेहाम्लांचे संकेत

गेल्या पावसाळ्यात आमच्या औषधालयात अहळिवाचे एक पोते आले. वरचा थर कोरडा व स्वच्छ होता. तळाच्या बिया मात्र एकमेकींस चिकटलेल्या, काहींस पांढरे मूळ फुटलेले. पुरवठादारास विचारता उत्तर मिळाले, "वाळवून घ्या, डॉक्टर, काही फरक पडत नाही." फरक पडतो काय, आणि कोठे, याचा शोध घेताना जे हाती आले ते वैद्यबांधवांपुढे ठेवीत आहे.

बीजातील तेल ही अंकुराची शिदोरी होय, असे आपण शिकलो. अहळिवाच्या तेलात सुमारे एक तृतीयांश वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. परंतु वनस्पती या आम्लाचा अत्यल्प अंश अन्न म्हणून न वापरता निरोप म्हणून वापरते. लायपॉक्सिजनेज हे विकर त्यास प्राणवायू जोडते, पुढील विकरे त्यात वलय घडवितात व 'ओपीडीए' हे द्रव्य सिद्ध होते. पेशीतील पेरॉक्सिसोम या सूक्ष्म कप्प्यात गेल्यावर त्यापासून जॅस्मोनिक आम्ल बनते.

अहळिवाच्याच, म्हणजे मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवर इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात झालेले काम २०११ साली प्रसिद्ध झाले. पेरॉक्सिसोममध्ये द्रव्ये नेणारे प्रथिन ज्या वाणात सदोष होते, त्याच्या बिया पाणी मिळूनही रुजत नव्हत्या. त्यांत ओपीडीए व जॅस्मोनिक आम्ल ही दोन्ही साचलेली आढळली. मात्र अडसर मुख्यतः ओपीडीएचा होता. ते ॲब्सिसिक आम्लाच्या जोडीने बीजास निद्रिस्त ठेवते. (सर्वच बीजांस हा नियम लावू नये, गव्हाच्या सुप्त दाण्यांत जॅस्मोनेट उलट अंकुरणास साहाय्य करते.)

स्नेहाम्लांपासून बनणारा दुसरा वर्ग एन-ॲसिलइथेनॉलअमाइनांचा. शुष्क बीजांत ही द्रव्ये असतात व बीज भिजताच झपाट्याने घटतात, हे १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी मोजून दाखविले. त्यांचे विघटन करणाऱ्या विकराचे भावंड प्राण्यांतही आहे. १९९२ साली मेंदूत सापडलेले 'आनंदमाइड' याच वर्गातील. त्याचे नाव आपल्या 'आनंद' शब्दावरूनच ठेवले गेले.

तात्पर्य, भिजलेले बीज हे केवळ ओले झालेले बीज नव्हे. थांबण्याचे संकेत ओसरतात, मग संचित तेल फोडणारी विकरे कामाला लागतात व मुक्त स्नेहाम्ले वाढतात. पुन्हा वाळविल्याने पाणी जाते, झालेला बदल परतत नाही. मोकळी झालेली ही असंतृप्त आम्ले हवेत लवकर खवटतात. आपल्या संहिताकारांनी विरूढक धान्याचे गुण मूळ धान्याहून निराळे सांगितले, ते उगाच नव्हे. अशा अहळिवाचे सूतिकेवर नेमके कोणते परिणाम होतील, हे मी सांगू धजत नाही. पण ते चंद्रशूर म्हणून तिला देणे मला योग्य वाटत नाही.

औषधनिर्मात्या मित्रांनी पावसाळी खरेदीत नमुना पोत्याच्या तळातून काढावा. मूळ फुटलेल्या बिया भिंगाखाली वेगळ्या मोजाव्यात, चिमूटभर चुरडून वास पाहावा आणि शक्य असल्यास काढलेल्या तेलाचे आम्लमूल्य तपासून घ्यावे. आमचे पोते परत पाठविले. वाहतुकीचा खर्च आम्हीच सोसला.