बंद दारांचे देश (भाग ५) : कफिलाच्या नावावर

गेल्या आठवड्यात आपण उत्तर कोरिया पाहिला. सरकारने नेमून दिलेल्या गाइडला सोडून पाहुण्याने कुठे फिरायचं नाही, हा तिथला नियम. पण तिथे आपल्याकडचं कुणी जात नाही. आजचा देश मंडणगड तालुक्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. बाणकोट, म्हाप्रळ या सावित्रीकाठच्या पट्ट्यातली माणसं आधी आगबोटींवर खलाशी म्हणून गेली आणि १९७०च्या दशकात तेलाचा पैसा वाढला तशी आखाताकडे वळली. त्यातला सगळ्यात कडक दाराचा देश म्हणजे सौदी अरेबिया.

हज-उमरा, नोकरी, धंद्याचं काम किंवा तिथे राहणाऱ्या नातलगाची भेट, एवढ्याच कारणांनी सौदीत पाऊल टाकता येई. नुसता देश बघायला येतो म्हणणाऱ्याला व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. टूरिस्ट व्हिसा खुला झाला २७ सप्टेंबर २०१९ला, आणि त्या पहिल्या ४९ देशांच्या यादीत भारत नव्हता. म्हणजे हा देश आतून पाहिला तो आपल्या प्लंबरांनी, ड्रायव्हरांनी, भटारखान्यातल्या माणसांनी. त्यांनी तिथल्या आयुष्याबद्दल लिहून ठेवलं असतं, तर मराठीतल्या कितीतरी प्रवासवर्णनांपेक्षा ते मोलाचं ठरलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

त्या माणसांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो कफील. परका माणूस सौदीत राहतो तो कुणातरी मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफिलाने काढायचा आणि त्यानेच त्याचं नूतनीकरण करायचं. पूर्वी ही छोटी वही असे, मुसलमानाची हिरवी, इतरांची तपकिरी. पुढे कार्ड आलं. इकामा खिशात नसेल तर रस्त्यावरच्या तपासणीत माणूस अडकला. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. तो असा ठेवून घेणं तिथल्याच नियमांत बसत नाही, तरी वर्षानुवर्षं तसंच चालत आलं.

आत जाण्यापेक्षा बाहेर पडणं अवघड, हे मात्र गेल्याशिवाय कळत नाही. घरी लग्न असो की मयत, सुट्टीवर यायचं तर आधी ‘खुरूज-औदा’, म्हणजे जाऊन परत येण्याचा परवाना लागतो. तो कफिलाच्या संमतीने मिळायचा. मालकाशी भांडण झालं आणि त्याने ‘हा कामावरून पळाला’ अशी नोंद केली, तर त्या नोंदीला ‘हुरूब’ म्हणतात. त्या एका नोंदीने माणूस बेकायदा ठरू शकतो. पगार थकल्याची तक्रार त्याची, आणि गुन्हेगारही तोच.

रोजचे नियम वेगळे. मक्केच्या रस्त्यावर बिगरमुस्लिमांना वळवणाऱ्या पाट्या आहेत. आपल्या गणपतीची जाहीर पूजा तिथे चालत नाही. मुतव्वा, म्हणजे धार्मिक पोलीस, यांचे अटकेचे अधिकार २०१६मध्ये काढले गेले. २०१८मध्ये थिएटरं उघडली, बायका गाडी चालवू लागल्या. देश बदलतो आहे, हे खरंच.

तरी सामान बांधताना आईने लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे : खसखस. ती घालून केलेला मसाला आपण मायेने डब्यात भरतो. तिथे खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला त्या देशात मृत्युदंडापर्यंत शिक्षा होते. शेजाऱ्याने ‘आमच्या पोराला एवढं दे’ म्हणून दिलेली पुडीसुद्धा उघडून बघितल्याशिवाय बॅगेत टाकू नये. वाईट वाटलं तर वाटू दे. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्या-औषधांचंही तसंच. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर हवी.

आपल्या बाजूलाही एक दार आहे. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो आणि सौदीसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. लोकांना ही कटकट वाटते. पण त्याच मंजुरीबरोबर करार तपासला जातो आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा उतरवला जातो. ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलू’ म्हणणारा एजंट नेमकं हेच चुकवत असतो. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

१४ मार्च २०२१पासून सौदीने खासगी कंपन्यांतल्या कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय खुरूज-औदा मागण्याची सोय दिली. या सवलतीतून घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि शेतमजूर मात्र वगळले गेले. म्हणून पगाराचा आकडा विचारण्याआधी व्हिसावर धंदा कोणता लिहिला आहे, ते अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावं. ‘हाउस ड्रायव्हर’ आणि ‘कंपनी ड्रायव्हर’, गाडी तीच असेल, पण बापाच्या आजारपणात घरी कोण येऊ शकेल ते त्या ओळीवर ठरतं.

(पुढील भागात : करारनाम्याच्या दोन प्रती)