अ‍ॅपमधली खिडकी कोरी का पडते?

तारकर्ली, देवबाग, वायरी या आपल्या पट्ट्यात मोबाईल आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. न्याहारी-निवासाच्या खोलीचं बुकिंग त्यावर, बचत गटाच्या नोंदी त्यावर, अंगणवाडीची माहिती त्यावर, वाऱ्यापावसाचा इशाराही त्यावरच. आणि गर्दीच्या दिवसांत कधीतरी अ‍ॅप उघडावं तर पडदा पांढराफटक. नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. नाहीतर बटण दाबतोय दाबतोय आणि काही होतच नाही.

अशा वेळी आपल्यातल्या बहुतेकजणी दोन गोष्टी करतात. पहिली, "माकाच जमना नाय" म्हणून स्वतःला दोष देतात. दुसरी, घरच्या झिलाक हाक मारतात. तो येतो, अ‍ॅप काढून टाकतो, पुन्हा घालतो. कधी चालतं, कधी चालत नाही. पण न पाठवलेल्या नोंदी आत साठलेल्या असतील तर त्या मात्र जातात. म्हणून आज आम्ही हे सांगणार आहोत, की बिघाड कुठे आहे ते घरच्या घरी कसं ओळखायचं आणि कोणाला काय सांगायचं.

आधी हे पांढरं पडणारं प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. अ‍ॅप बाहेरून एकच वस्तू दिसते. आत बऱ्याचदा दोन भाग असतात. वरची पट्टी, खालची बटणं, यादी हा भाग अ‍ॅपबरोबर आपल्या मोबाईलमध्ये आलेला असतो. दुसरा भाग म्हणजे इंटरनेटवरचं पान, ते अ‍ॅपच्या आत बसवलेल्या एका चौकटीत उघडतं. नियम, फॉर्म, पैसे भरायची जागा हे पुष्कळदा असं पान असतं. ही पानं एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहिलेली असतात. ती भाषा वाचून पडद्यावर मांडण्याचं काम चौकट करते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये या चौकटीला वेबव्ह्यू म्हणतात. अ‍ॅप बनवणाऱ्याला यात सोय असते. दर बदलला, नियम बदलला, की एक पान बदललं म्हणजे झालं. प्रत्येकीच्या मोबाईलवर नवीन अ‍ॅप पाठवावं लागत नाही.

घराचंच उदाहरण घ्या. अ‍ॅप ही भिंत, वेबव्ह्यू ही भिंतीतली खिडकी आणि पान म्हणजे खिडकीतून दिसणारा समुद्र. समुद्र दिसत नसेल तर कारणं तीन. बाहेर धुकं असेल, खिडकीचं दार अडकलं असेल, किंवा सुताराने खिडकी बसवतानाच काहीतरी राहून गेलं असेल. धुक्यासाठी सुताराला बोलावून उपयोग नाही, आणि सुताराच्या चुकीसाठी धुकं विरायची वाट बघून उपयोग नाही.

हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. पहिल्यांदा मोबाईलमधलं क्रोम उघडून एखादी नेहमीची वेबसाइट बघा. ती उघडत नसेल तर नेटवर्कच नाही, अ‍ॅपला बोल लावू नका. ती उघडली, तर अ‍ॅपमध्ये अडलेलं तेच पान क्रोममध्ये उघडून बघा. त्याची लिंक अ‍ॅपवाल्यांकडे मागता येते. क्रोममध्येही ते उघडत नसेल तर पानाच्या बाजूला धुकं आहे, थोडं थांबा. क्रोममध्ये उघडतं आणि त्या एकाच अ‍ॅपमध्ये उघडत नाही, तर सुताराचं काम राहिलेलं आहे. आणि एकाच वेळी चार वेगवेगळी अ‍ॅप बंद पडत असतील, तर खिडकीवरच संशय घ्या, म्हणजे वेबव्ह्यूवर.

हा शेवटचा प्रकार खरोखर घडलेला आहे. २३ मार्च २०२१ च्या सकाळी भारतात आणि जगभर असंख्य अँड्रॉइड मोबाईलवर अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडू लागली. जीमेलसुद्धा त्यात होतं. लोकांनी मोबाईल बंद करून चालू केले, अ‍ॅप काढून पुन्हा घातली. गुण आला नाही, कारण दोष त्या अ‍ॅपमध्ये नव्हताच. तो अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यूमध्ये होता. अनेकांनी वेबव्ह्यूची ताजी सुधारणा काढून टाकली आणि अ‍ॅप चालू झाली. गूगलने काही तासांत दुरुस्ती आणली आणि प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम दोन्ही अपडेट करायला सांगितलं.

दोन्ही का, तेही सांगतो. पूर्वी वेबव्ह्यू मोबाईलच्या मूळ यंत्रणेचाच भाग होता. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून तो प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होऊ लागला. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ मध्ये हे काम क्रोमच करत असे. दोघांचं इंजिन एकाच घराण्यातलं. म्हणून प्ले स्टोअरमध्ये जाऊन 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' आणि 'क्रोम' ही दोन नावं शोधा आणि 'अपडेट' दिसत असेल तर करून घ्या. साधी गोष्ट आहे, पण मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून अपडेट बंद ठेवणाऱ्या बायकांचा निम्मा त्रास इथेच कमी होईल.

आता मराठी अक्षरांकडे वळू. मराठी बिघडण्याचे चार प्रकार आहेत आणि चारही वेगळे दुखणे आहेत.

पहिला प्रकार, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. म्हणजे मोबाईलमध्ये देवनागरीचा फॉन्ट नाही. जुन्या मोबाईलवर हे होत असे, आता क्वचित.

दुसरा प्रकार, अक्षरं ओळखू येतात पण जोडाक्षरं फुटतात. 'तारकर्ली' मधला रफार 'ल' च्या डोक्यावर न बसता पाय मोडलेला 'र' वेगळा दिसतो, वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा जुनी आहे. हाही जुन्या मोबाईलचाच आजार.

तिसरा प्रकार, मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली युरोपी अक्षरं आणि परकी चिन्हं. हा दोष मोबाईलचा नाही, अ‍ॅप बनवणाऱ्याचा आहे. संगणक अक्षरं आकड्यांत साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'तारकर्ली' या शब्दात काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण धरून आठ चिन्हं होतात, म्हणजे चोवीस बाइट. खिडकीला 'हे यूटीएफ-८ आहे' असं सांगितलं नाही, तर ती एकेका बाइटला एकेक अक्षर समजते आणि आपल्या गावाच्या नावाची दोन डझन चिन्हं करून ठेवते. दुरुस्ती एका ओळीची असते, पण ती अ‍ॅपवाल्यानेच करायची.

चौथा प्रकार, 'मालवण' च्या जागी अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं. मजकूर यूनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि तसाच पानावर चिकटवला आहे. आपल्याकडच्या जुन्या पत्रकांत आणि अर्जांत हे अजून आढळतं. मोबाईल बदलून, अपडेट करून याला इलाज नाही. मजकूर यूनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

यानंतर येतात मुकी बटणं. 'फोटो जोडा' दाबलं, काहीच होत नाही. तेच पान क्रोममध्ये उघडलं तर फोटो जोडता येतो. याचं कारण असं की वेबव्ह्यू ही अर्धीच खिडकी आहे. क्रोममध्ये फोटो निवडणं, फाइल उतरवून घेणं, ठिकाण सांगणं हे सगळं आधीपासून जोडलेलं असतं. वेबव्ह्यूमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याने ते एकेक करून जोडायचं असतं. पानाला जिवंत ठेवणारी जावास्क्रिप्टसुद्धा वेबव्ह्यूमध्ये मुळात बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. राहून गेलं की बटण दिसतं, पण मुकं.

आपल्या धंद्याला सगळ्यात जास्त नडतं ते पैशाचं बटण. पाहुणा बुकिंगच्या पानावर यूपीआयचं बटण दाबतो आणि पडद्यावर इंग्रजीत 'एरर अननोन यूआरएल स्कीम' येतं. म्हणजे पानाने यूपीआय अ‍ॅपला हाक मारली, पण खिडकीला ती हाक पुढे पोचवायला कोणी शिकवलंच नव्हतं. यात पाहुण्याची चूक नाही आणि तुमच्या खात्याचीही नाही. दुसरा एक संदेश 'क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड' असा असतो. पानाचा पत्ता जुन्या, कुलूप नसलेल्या पद्धतीचा आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून नवी अ‍ॅप अशी पानं आपोआप अडवतात. तेही अ‍ॅपवाल्याने किंवा पानवाल्याने सुधारायचं.

आपल्या हातातल्या मात्र तीन गोष्टी आहेत. मोबाईलमधली तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा. बॅटरी पूर्ण संपून तारीख मागे गेली तर सुरक्षित पानं उघडत नाहीत. फॉर्मचं खालचं बटण पडद्याबाहेर जात असेल तर सेटिंगमधली अक्षरं थोडा वेळ लहान करून बघा. डोळ्यांसाठी मोठी केलेली अक्षरं खिडकीतल्या पानालाही मोठं करतात आणि कच्चं बांधलेलं पान फिसकटतं. आणि अ‍ॅपच्या माहितीत जाऊन 'क्लिअर कॅश' करा. कॅश म्हणजे तात्पुरती साठवण, ती पुसली तरी नोंदी जात नाहीत. त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' मात्र नोंदी पाठवून झाल्याची खात्री झाल्याशिवाय कधीही दाबू नका. अ‍ॅप काढून टाकणं हाही तसाच उपाय आहे, सगळ्यात शेवटचा.

एक सावधगिरी. क्रोममध्ये वर पानाचा पत्ता दिसतो. अ‍ॅपमधल्या खिडकीत तो बहुतेक वेळा दिसत नाही. समोरचं पान खरोखर बँकेचं आहे की कोणी तसं रंगवलेलं आहे, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून कोणी पाठवलेल्या अनोळखी अ‍ॅपमध्ये उघडलेल्या पानावर ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर भरू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे पाठ करून ठेवा. याच कारणाने गूगलही आपल्या खात्यात अशा खिडकीतून प्रवेश करू देत नाही. तिथे अडलं तर मोबाईल बिघडला असं समजू नका, क्रोममध्ये जाऊन करा. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

तक्रार कशी करायची? "अ‍ॅप चालत नाही" एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. पाच गोष्टी सांगा: मोबाईलचं नाव आणि अँड्रॉइडचा आकडा, अ‍ॅपचा आकडा, कुठलं बटण दाबल्यावर काय झालं, तेच पान क्रोममध्ये चाललं की नाही, आणि पडद्यावर आलेला संदेश. संदेश इंग्रजीत असला तर वाचायची गरज नाही, पडद्याचा फोटो काढून पाठवा. "क्रोममध्ये फोटो जोडता येतो, तुमच्या अ‍ॅपमध्ये येत नाही," असं एक वाक्य बाईने सांगितलं की समोरच्याला तिला उडवून लावता येत नाही.

हे आम्ही आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. मोबाईल कमी ताकदीचे, तापतात, बंद पडतात आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. "आम्हाला जमत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत. साधन कामाचं नाही, असं म्हणाल्या.

आपल्या ज्या मुली मालवणात, कुडाळात, रत्नागिरीत संगणक शिकत आहेत, त्यांनाही एक सांगणं. उद्या तुम्ही अ‍ॅप बनवाल तेव्हा खिडकीला यूटीएफ-८ सांगा. पानाची भाषा मराठी आहे हे लिहा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत तिथे ते हिंदी वळणाचे येणार नाहीत. नेट गेलं तर कोरा पडदा दाखवू नका, "नेटवर्क नाही, तुमची नोंद जपून ठेवली आहे" असं मराठीत लिहा, आणि ती खरोखर जपून ठेवा. आणि अ‍ॅप बाहेर सोडण्याआधी ते देवबागच्या टोकाला, एका काडीच्या नेटवर्कवर, आईच्या जुन्या मोबाईलवर चालवून बघा.

या आठवड्यात एवढंच करा. वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करून घ्या, आणि शेजारणीच्या मोबाईलमध्येही करून द्या. भेटू पुढच्या भागात.