शरणपूरचं देऊळ आणि आफ्रिकेतली वाट

मालेगावहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशकात शिरणाऱ्या माणसाला शरणपूर हे एका गजबजलेल्या रस्त्याचं नाव म्हणून माहीत असतं. कॅनडा कॉर्नर, बँका, दवाखाने, शोरूम आणि संध्याकाळची वाहनांची रांग. हे एकेकाळी नाशिकच्या वेशीबाहेरचं स्वतंत्र खेडं होतं, याची खूण आता नावापुरती आणि तिथल्या चर्चपुरती उरली आहे.

नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८३२मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या मिशनऱ्यांपैकी एक होते फरार. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा पुढे इंग्लंडात नामांकित धर्मगुरू आणि लेखक झाला. पहिली वीस वर्षं मात्र रखडतच गेली. गोदाकाठचं हे क्षेत्र, घाटावर उपाध्ये आणि यात्रेकरू. तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्याची अवस्था काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. घर सुटे, जात सुटे, पाणवठा सुटे आणि त्यासोबत पोटापाण्याचा धंदाही जाई. प्रार्थनेची सोय एखाद्या खोलीत होऊ शकते, पण राहायचं कुठे आणि खायचं काय?

विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४च्या सुमारास त्यावर तोडगा काढला, तो गाव वसवण्याचा. शरण आलेल्यांचं ते शरणपूर. प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथालय, राहायची घरं आणि त्यांच्या जोडीला सुतारकाम व लोहारकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा. मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला 'देऊळ' म्हणतात, आणि शरणपुरात तो शब्द अगदी चपखल बसत होता, कारण देवळाभोवती गाव हीच रचना आपल्या ओळखीची. प्राइस यांचा हिशेब व्यावहारिक होता. रविवारी उपासनेला बसणाऱ्या माणसाला सोमवारी हाताला काम हवं. याच हिशेबात एक अडचणही होती. घर, काम, शाळा आणि धर्म सगळं एकाच हातून मिळत असेल, तर त्या हाताला नाही म्हणण्याची ताकद गावकऱ्यात कुठून यायची? मिशनच्या वसाहतींवर हा आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, आणि तो खोटा नव्हता.

या गावाला जगाच्या इतिहासात जागा मिळाली ती मात्र वेगळ्याच लोकांमुळे.

पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून अरबस्तानाकडे नेणारी गलबतं इंग्रजांच्या युद्धनौका समुद्रात अडवत असत. सुटका झालेली मुलं मुंबईत उतरवली जात. ज्यांचं गाव कुठे, आईबाप कोण, याचा पत्ता लागणं अशक्य, अशी ही मुलं. त्यांच्यासाठी मुंबईत असलेला आश्रम १८६०मध्ये शरणपूरला हलवण्यात आला. थळ घाटातून रेल्वे धावू लागली ती १८६५मध्ये. म्हणजे ही पहिली मुलं आगगाडीने थेट नाशिकला आलेली नाहीत, घाट त्यांना रस्त्यानेच चढावा लागला. इथे त्यांना अक्षरं मिळाली, हत्यारं मिळाली आणि नवी नावंही मिळाली. सायमन प्राइस, कॅरस फरार, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. यातली काही आडनावं नाशिकच्या मिशनशी परिचय असलेल्याला लगेच ओळखू येतात. मुलांची मूळ नावं बहुतेक वेळा कागदावर आलीच नाहीत.

१८६५मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशकात आले. नाईल नदीचा उगम शोधायला निघालेल्या या प्रवाशाने शरणपूरच्या शाळेतले नऊ तरुण सोबत घेतले. त्यांच्याविषयी लिव्हिंगस्टनचं मत फारसं चांगलं नव्हतं. रोजनिशीत त्यांच्या आळसाबद्दल कुरकुर आहे. त्या नवांपैकी सारेच टिकले नाहीत. पण एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल मब्रुकी हे दोघे सात वर्षांनंतरही सोबत होते. १८७२मध्ये झांजिबारहून आणखी एक तुकडी मदतीला गेली, तिच्यातही नाशिकचे तरुण होते. वेनराइट, फरार आणि वेलिंग्टन त्यांच्यातलेच.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारले. पुढे जे घडलं त्याचं श्रेय सुसी आणि चुमा या दोन सोबत्यांना दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. मात्र शरणपूरचे हातही त्यात होते. शव इंग्लंडला न्यायचं ठरलं. फरिजाला या सोबत्याने कॅरस फरारच्या मदतीने हृदय आणि आतडी काढली. ती एका पेटीत घालून झाडाखाली पुरली. त्या वेळी वेनराइटने अंत्यविधीची उपासना वाचून दाखवली. झाडाच्या खोडावर मजकूर कोरला तोही त्यानेच. खोडाचा तो तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपला आहे. मीठ लावून उन्हात वाळवलेलं शव सालीत गुंडाळून हा तांडा किनाऱ्याकडे निघाला आणि फेब्रुवारी १८७४मध्ये बागामोयोला पोचला.

१८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत लिव्हिंगस्टनना आफ्रिकेत शोधून काढणारा स्टॅन्ली होता, त्यांचा जुना सहप्रवासी कर्क होता आणि जेकब वेनराइट होता. त्यांच्यातला तो एकटाच आफ्रिकी. सुसी आणि चुमा लंडनला पोचेपर्यंत सोहळा उरकला होता.

या प्रसिद्धीचा परिणाम शरणपूरवर उलटाच झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मुक्त गुलामांची वसाहत आफ्रिकेतच असावी असा आग्रह धरला. ती उभारायला सोसायटीने पाठवले ते प्राइस यांनाच. मोंबासाजवळ १८७५मध्ये फ्रिअरटाउन वसलं आणि शरणपूर-मुंबईचे सुमारे दीडशे आफ्रिकी तिकडे गेले. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' असंच नाव पडलं. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना १८८५मध्ये डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांच्यासोबत जोन्स युगांडाच्या वाटेवर गेला. बिशपची हत्या झाली. उरलेल्या माणसांना घेऊन जोन्स फेब्रुवारी १८८६मध्ये परतला. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५पर्यंत मोंबासात जगला.

नाशकात मागे राहिलं ते मराठी शरणपूर. सोसायटीचं जाळं मालेगाव, मनमाड, जुन्नर, औरंगाबादपर्यंत पसरलेलं होतं. सोसायटीचे पारशी ख्रिस्ती कार्यकर्ते सोराबजी खरसेटजी यांची मुलगी कॉर्नेलिया १८६६मध्ये नाशकातच जन्मली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली ती पहिली स्त्री. ख्रिस्ती झालेल्या, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, आणि १९३६मध्ये त्यांनी देह ठेवला तोही नाशकातच.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथसंस्थांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. शरणपूरचं देऊळ मूळचं अँग्लिकन, तेही त्यात गेलं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटींत अखेरपर्यंत होते. ऐनवेळी ते बाहेर पडले आणि महाराष्ट्रातली त्यांची चर्चं वेगळी राहिली. बिशपचा अधिकार आणि मालमत्तेचे कागद यांत त्यामुळे फरक पडला. गाण्यांत पडला नाही. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांची पदं ज्यात मोठ्या संख्येने आहेत, ते 'उपासना संगीत' दोन्हीकडच्या मराठी उपासनेत म्हटलं जातं.