पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा आकस्मिक वैद्यकीय खर्च आणि तातडीचे अर्थसाहाय्य : स्वरूप, मर्यादा व महाविद्यालयाची भूमिका

प्रास्ताविक

उच्च शिक्षणातील गळतीचा विचार करताना शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह व प्रवास या बाबींची चर्चा होते. विद्यार्थ्याच्या आजारपणाचा खर्च मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो. पदव्युत्तर वर्गात शिकणारा विद्यार्थी साधारणतः एकविशी ओलांडलेला असतो. तो बहुधा घरापासून दूर राहतो आणि त्याचे स्वतःचे उत्पन्न नसते किंवा अत्यल्प असते. अशा विद्यार्थ्यावर अपघाताचा वा शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच अनामत रक्कम, तपासण्या व औषधे यांसाठी पैसा उभा करावा लागतो. हा पैसा पुष्कळदा उसनवारीतून किंवा परीक्षा शुल्कासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून येतो. उपचार पार पडतात, परंतु सत्र बुडते. प्रसंगी शिक्षणच सुटते.

महाराष्ट्रात अशा प्रसंगी कोणती साधने उपलब्ध आहेत आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. साहाय्याच्या योजना अस्तित्वात आहेत; परंतु साहाय्याची वेळ आणि गरजेची वेळ यांत अंतर पडते. हे अंतर कमी करणे महाविद्यालयाच्या आवाक्यातील कार्य आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. संरक्षणाबाहेर राहणारा वयोगट

कामगार राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या शिक्षण घेणाऱ्या मुलास वयाच्या २१ व्या वर्षापर्यंतच कुटुंबातील घटक मानले जाते. अविवाहित अवलंबित मुलीस ही मर्यादा नाही. म्हणजे कारखान्यातील कामगाराचा मुलगा एम.ए. अथवा एम.एस्सी.ला प्रवेश घेतो, त्याच सुमारास त्याचे वैद्यकीय संरक्षण संपते. केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेत मुलासाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे २५ वर्षांची आहे.

संशोधक विद्यार्थ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तथापि अधिछात्रास स्वतंत्र वैद्यकीय साहाय्य दिले जात नाही. संस्थेत ज्या वैद्यकीय सुविधा असतील त्यांचाच लाभ त्याने घ्यावा, अशी तरतूद आहे. ज्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात अशी सुविधाच नाही, तेथे ही तरतूद कागदावरच राहते.

२. उपलब्ध साधने

(अ) महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना : २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेस २०१७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. २०२३ च्या शासन निर्णयाने प्रति कुटुंब प्रति वर्ष संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही योजनेत स्थान मिळाले. निश्चित केलेले उपचार अंगीकृत रुग्णालयात रोख रक्कम न भरता होतात. त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र लागते. रुग्णालयातील आरोग्यमित्र नोंदणीस मदत करतो. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत.

(आ) धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. तातडीच्या प्रसंगी रुग्णास त्वरित दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणे, हेही त्यांचे कर्तव्य आहे.

(इ) मुख्यमंत्री सहायता निधी : वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबातील रुग्णास गंभीर आजारासाठी येथून साहाय्य मिळते. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार व शिधापत्रिका ही प्रमुख कागदपत्रे होत. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. आधी होऊन गेलेल्या खर्चाची प्रतिपूर्ती मात्र मिळत नाही.

(ई) रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचार योजना : केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नियुक्त रुग्णालयात उपचार मिळतात. दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

३. साहाय्य हुकते कोठे?

वरील साधनांचा एकत्रित विचार केल्यास तीन ठिकाणी अडसर दिसतो.

पहिला अडसर रुग्णालयाच्या निवडीचा. मित्र रुग्णास जवळच्या खाजगी रुग्णालयात नेतात. ते अंगीकृत नसेल आणि धर्मादायही नसेल, तर पहिली दोन साधने त्याच क्षणी दुरावतात. त्या पहिल्या तासातील निर्णयावर पुढील सर्व खर्च अवलंबून असतो.

दुसरा अडसर कागदपत्रांचा. समजा, लातूर जिल्ह्यातील एका शेतमजुराचा मुलगा पुण्यात शिकतो. त्याची शिधापत्रिका गावी असते. कधी तिच्यावर त्याचे नाव नसते, तर कधी उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. ही जुळवाजुळव होईपर्यंत देयक वाढत जाते.

तिसरा अडसर समजुतीचा. ‘आधी खर्च करू, पावत्या जपून ठेवू, नंतर अर्ज करू’ ही आपली सर्वसाधारण रीत आहे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या बाबतीत तीच घातक ठरते, कारण तेथे अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो.

याखेरीज दाखल न होता घ्यावयाचे दीर्घकालीन उपचार, बाहेरून आणलेली औषधे, नातेवाइकांचा प्रवास व निवास असे खर्च या योजनांच्या कक्षेबाहेर राहतात. रक्कम लहान असते, परंतु दरमहा दोन-तीन हजारांवर गुजराण करणाऱ्या विद्यार्थ्यास तीही पेलत नाही.

४. महाविद्यालयाची भूमिका

या अडसरांवरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. पुढील चार बाबी सुचवाव्याशा वाटतात.

१) कागदपत्रांची सिद्धता : शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, आधार व अनेकदा शिधापत्रिका महाविद्यालयाच्या कार्यालयात आधीच जमा झालेली असते. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीने या प्रती स्वतंत्र धारिकेत ठेवल्यास प्रसंगी त्या तासाभरात उपलब्ध होतील. शिधापत्रिकेवर नाव नसल्याचेही प्रवेशाच्या वेळीच लक्षात येईल.

२) रुग्णालयांची सूची : परिसरातील अंगीकृत व धर्मादाय रुग्णालयांची अद्ययावत सूची, १०८ या रुग्णवाहिका सेवेच्या क्रमांकासह, वसतिगृहात व प्रत्येक विभागात लावावी.

३) जबाबदार अध्यापक : विद्यार्थी विकास अधिकाऱ्यासोबत एक अध्यापक व एक अध्यापिका यांची नावे जाहीर करावीत. आरोग्यमित्राशी व धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवकाशी बोलणे, अर्ज दाखल करणे ही कामे त्यांनी पाहावीत. आजाराविषयी गोपनीयता राखली जाईल, ही हमी विद्यार्थ्यास मिळणे अगत्याचे आहे. ती नसेल तर विद्यार्थिनी व मानसिक आजाराचे रुग्ण पुढे येणार नाहीत.

४) तातडीचा निधी : दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात प्रत्येकी २५ रुपये घेतले तरी वर्षास ५०,००० रुपये जमतात. अध्यापक व माजी विद्यार्थी यांच्या देणगीची त्यात भर पडू शकते. या निधीतून शस्त्रक्रियेचा खर्च भागणार नाही. तो त्याचा हेतूही नाही. योजना लागू होईपर्यंतच्या तपासण्या, औषधे व प्रवास यांसाठी, उदाहरणार्थ, १०,००० रुपयांपर्यंतची रक्कम २४ तासांत देता यावी आणि समितीची मान्यता नंतर घेता यावी, असा नियम असावा. ही रक्कम कर्ज मानू नये; परतफेडीच्या चिंतेने विद्यार्थी मागणीच करत नाही.

निष्कर्ष

आकस्मिक आजारपणात विद्यार्थ्यास मिळणाऱ्या साहाय्याचे मूल्य केवळ रकमेवर ठरत नाही. ते कोणत्या दिवशी मिळाले यावरही ठरते. पाच लाखांचे संरक्षण एका शिधापत्रिकेअभावी निरुपयोगी ठरू शकते आणि वेळेवर मिळालेले पाच हजार रुपये एक शैक्षणिक वर्ष वाचवू शकतात. मोठ्या खर्चाची तरतूद शासनाने केली आहे. विद्यार्थी आणि ती तरतूद यांच्यामधील पहिले तीन दिवस सांभाळण्याचे उत्तरदायित्व महाविद्यालयाने स्वीकारावे. आगामी शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशप्रक्रियेपासूनच त्याचा आरंभ करणे शक्य आहे.