कुतचा वेढा आणि मटकीचे मोड

‘मटकीला मोड आले की तिच्यात नेमकं काय वाढतं?’ असा प्रश्न खडकीच्या एका वाचकाने पाठवला आहे. निमित्त बाजारातून आणलेल्या मिश्र मोडांच्या पाकिटाचं. दुप्पट प्रथिनं, रोगप्रतिकारशक्ती, कर्करोगापासून संरक्षण अशी सगळी आश्वासनं त्यावर एका हिरव्या गोलात बसवलेली आहेत म्हणे. ‘यातलं खरं किती?’ हा प्रश्नाचा उत्तरार्ध.

थोडक्यात सांगायचं तर मोडांचा एक गुण पक्का सिद्ध झालेला आहे, आणि या गोलात नेमका तोच नाही. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. बाकीच्या दाव्यांकडे नंतर वळू. प्रश्न खडकीहून आला आहे, म्हणून आधी एक जुनी हकीकत सांगतो. मोडांचा हा गुण काटेकोर मोजण्याची निकड ज्या युद्धाने निर्माण केली, त्यात खडकीची माणसं होती.

आज ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो, त्यांचं पहिल्या महायुद्धातलं नाव ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’. मुख्यालय तेव्हाही खडकीलाच. त्यांची १७ वी कंपनी सहाव्या (पूना) डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. बगदादकडे निघालेलं हे सैन्य नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडलं, मागे फिरलं आणि तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. जनरल टाउनशेंड शरण गेले तेव्हा सुमारे १३ हजार लोक कैद झाले.

इतिहासात कुतची नोंद लष्करी नामुष्की म्हणून होते. आहारशास्त्रासाठी मात्र तो कोणीही न आखलेला, क्रूर पण विलक्षण बोलका प्रयोग ठरला. गाव एकच, वेढा एकच, उपासमारही सारखीच. पण गोरे आणि हिंदी शिपाई वेगवेगळ्या रोगांनी आजारी पडत होते. गोऱ्यांना बेरीबेरी होत होता, हिंदी शिपायांना स्कर्व्ही.

कारण दोघांच्या ताटात होतं. गोऱ्या शिपायाचा शिधा म्हणजे पांढऱ्या पिठाचा पाव आणि डब्यातलं मांस. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकलेल्या त्या पिठात ब-१ जीवनसत्त्व फारसं उरत नव्हतं. हिंदी शिपायाला आटा आणि डाळ मिळायची, त्यामुळे बेरीबेरी त्याच्या वाटेला गेला नाही. पुढे पांढरं पीठ संपत आलं आणि नाइलाजाने गोऱ्यांच्या पावात आटा व सातूचं पीठ मिसळावं लागलं. तसा त्यांचाही बेरीबेरी ओसरला. टंचाईने रोग बरा केल्याची अशी उदाहरणं वैद्यकात फार नसतील.

स्कर्व्हीचं गणित याच्या उलट होतं. आटा, डाळ, तूप, गूळ या शिध्यात ताजं असं काहीच नव्हतं. गोरे शिपाई घोडे मारून खाऊ लागले, आणि ताज्या मांसात थोडंसं का होईना, क जीवनसत्त्व असतं. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवण्यात आली, तरी बहुतेकांनी ते खायला सुरुवात केली ती अगदी शेवटी. तोवर हिरड्या सुजलेले, सांधे धरलेले, जुन्या जखमा पुन्हा उघडलेले शेकडो शिपाई इस्पितळात पडून होते. कुतमधले मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहीर यांनी या उपासमारीची टिपणं ठेवली आणि पुढे १९२२ मध्ये ती प्रसिद्ध केली.

(जाता जाता एक नोंद. खडकीच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातली अठराशेहून अधिक नावं आहेत, पण ती हिंदुस्थानात मरण पावलेल्यांची. मेसोपोटेमियात गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, आणि तिथे साध्या हिंदी शिपायांची नावं न कोरता फक्त संख्या कोरली गेली.)

कुत पडलं, पण मेसोपोटेमियातली लढाई चालूच राहिली आणि स्कर्व्हीही. १९१६ मध्ये हजारो हिंदी शिपाई त्याने निकामी झाले. आता लष्कराला घाईने उत्तर हवं होतं: वाळवंटात नेता येईल, सडणार नाही आणि स्कर्व्ही रोखेल असं खाद्य कोणतं? हा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक यांच्या टेबलावर आला.

चिकबाईंबद्दल मला विशेष आदर आहे, तेव्हा थोडं विषयांतर. १९०५ मध्ये त्यांनी या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या दोन जणांनी संचालकांना गळ घातली होती की कृपा करून एका बाईला घेऊ नका. संचालक चार्ल्स मार्टिन यांनी ती गळ मनावर घेतली नाही. दहा वर्षांनी पुरुष संशोधक आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळेत मागे राहिलेल्या बायकांनी जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा पाया घातला. चिक यांच्याबरोबर मार्गारेट ह्यूम होत्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एलेन मॅरियन डेल्फ होत्या. क जीवनसत्त्व म्हटलं की आपल्याला सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचं नोबेल आठवतं. पण तो पदार्थ वेगळा काढला जाण्याच्या कितीतरी आधी, तो कशात किती आहे आणि कशाने नासतो, हे या तिघींनी मोजून ठेवलं होतं. आणि त्यांच्या हातात मोजण्याचं एकमेव साधन होतं, गिनीपिग.

माणूस, माकडं, काही वटवाघळं आणि गिनीपिग हे शरीरात क जीवनसत्त्व तयार न करू शकणारे प्राणी. शेळी रोज ग्रॅमच्या हिशेबात बनवते, आपण शून्य. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रलिक यांनी १९०७ मध्ये गिनीपिगला स्कर्व्ही होतो हे दाखवलं, आणि त्यांचेच देशबांधव फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्ये कोरड्या बियांत नसलेला स्कर्व्हीरोधक गुण मोड आल्यावर येतो हे पाहिलं होतं. लंडनमध्ये त्याला आकड्यांची शिस्त आली. गिनीपिगला ओट, कोंडा आणि दाबाखाली तापवून निःसत्त्व केलेलं दूध द्यायचं. काही आठवड्यांत त्याला स्कर्व्ही होतो. मग त्यात एक पदार्थ मोजून मिसळायचा आणि किती ग्रॅमला प्राणी वाचतो ते पाहायचं.

या कसोटीवर अनेकांची अब्रू गेली. सैन्याला पुरवला जाणारा लाइम ज्यूस, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीच्या फळाचा रस, ताजा असतानाही मोठ्या पिवळ्या लिंबाच्या साधारण पाव गुणाचा निघाला. टिकवण्यासाठी बाटलीत भरलेला तर जवळपास निरुपयोगी. हिंदी शिपायांच्या सवयीचं काही मिळतं का म्हणून चिंच, आमचूर आणि चक्क आपलं कोकमसुद्धा लंडनच्या गिनीपिगांना खाऊ घालण्यात आलं. त्यावरचा लेख १९१९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे. निष्कर्ष असा की सुकवलेल्या फळांना ताज्याची सर नाही.

मोडांनी मात्र बाजी मारली. १९१९ मध्ये चिक आणि डेल्फ यांनी वाटाणा आणि मसूर एक दिवस भिजवून दोन दिवस ओलसर ठेवले आणि कोरड्या दाण्यांशी तुलना केली. स्कर्व्हीरोधक गुण पाच-सहा पट वाढला होता. त्याआधीच सॅलोनिकाच्या आघाडीवर डॉक्टर विल्टशायर यांनी स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांचे दोन गट करून एकाला लिंबाचा रस आणि दुसऱ्याला मोड आलेले घेवडे दिले होते. घेवड्यांचा गट अधिक लवकर बरा झाला.

मोड कसे आणावेत याबद्दल सैन्यासाठी केलेल्या सूचनांमधलं एक कलम आपल्याला हसू आणेल: कडधान्य अख्खं आणि सालीसकट हवं, भरडलेलं नको. सैन्याच्या शिध्यात डाळ भरपूर होती, पण डाळ करताना दाणा फुटतो, अंकुर निखळतो; तिला कितीही भिजवलं तरी मोड येत नाहीत. ज्या मराठा पलटणींतल्या माणसांच्या घरी मटकी नि मूग फडक्यात बांधून ठेवण्याची रीत होती, त्यांना दाण्याऐवजी डाळ मिळत राहिली. पोत्यात काय भरायचं हे ठरवणाऱ्याने एखाद्या शिपायाच्या आईला विचारलं असतं तर गिनीपिग वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं. पण हेही मान्य करायला हवं की त्या आईला गुण ठाऊक असला तरी ‘किती’ हे माहीत नव्हतं, आणि सैन्य ‘किती’वर चालतं.

आता दाण्याच्या आत काय घडतं ते पाहू. बी म्हणजे शिदोरी बांधून थांबलेलं रोप. लांबच्या प्रवासाच्या शिदोरीत आपण टिकाऊ जिन्नस घेतो. दही, कोशिंबीर मुक्कामी पोचल्यावर करायची. बीसुद्धा स्टार्च, प्रथिनं, तेल, फॉस्फरस असा टिकाऊ माल भरते. क जीवनसत्त्व हे नाशवंत, ते ताजंच करावं लागतं. पाणी मिळालं की पेशींचं श्वसन वेगाने सुरू होतं आणि त्याबरोबर ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होऊ लागतात. त्यांना आवर घालायला रोपाला ॲस्कॉर्बिक आम्ल हवं असतं. साठवलेल्या साखरेपासून ते अनेक टप्प्यांत बनतं आणि शेवटचा टप्पा मायटोकाँड्रियात, म्हणजे जिथे उपद्रव निर्माण होतो तिथेच, पार पडतो. हा मार्ग शास्त्रज्ञांना नीट उलगडला तो थेट १९९८ मध्ये. थोडक्यात, मोडांतलं जीवनसत्त्व आपल्यासाठी नसतंच. आपण फक्त योग्य वेळी डल्ला मारतो.

त्याच दोन दिवसांत आणखीही काही घडतं. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. पोटात वारा धरणाऱ्या रॅफिनोजसारख्या साखरा अंकुर स्वतःच खर्च करतो, म्हणून उसळ डाळीपेक्षा हलकी वाटते. वर लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह शोषणं आणखी सोपं होतं. मिसळीबरोबरच्या लिंबाच्या फोडीला त्यामुळे रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे. (मिसळीवरच्या तर्रीला कशाचा आहे हे विचारू नये.)

आणि आता तो हिरवा गोल. प्रथिनं दुप्पट? दाणा बाहेरून फक्त पाणी आणि हवा घेतो; त्यातून प्रथिन कुठून येणार? १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तर पाणी पिऊन फुगलेल्या १०० ग्रॅम मोडांत त्याहून पुष्कळ कमी. पचायला थोडी सोपी होतात, इतकंच. कर्करोगाचा दावा बहुधा ब्रोकोलीच्या मोडांकडून उसना घेतलेला असावा. त्यांच्यात ग्लुकोराफॅनिन हे द्रव्य भरपूर असतं, असं अमेरिकेत पॉल टॅलॅले यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं आणि तेव्हापासून त्यावर अभ्यास चालू आहेत. पण ते द्रव्य कोबी-ब्रोकोलीच्या कुळातलं. मटकी त्या कुळातली नाही. नात्यात नसलेल्याच्या इस्टेटीवर हक्क सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

क जीवनसत्त्वाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. १०० ग्रॅम कच्च्या मुगाच्या मोडांत ते साधारण १० ते १५ मिलिग्रॅम असतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्डला स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दिवसाला १० मिलिग्रॅम स्कर्व्ही रोखायला पुरेसे ठरले. म्हणजे वेढ्यातल्या शिपायाचा जीव वाचवायला मूठभर मोड पुरले असते. पण आपल्याकडची आजची शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅमची आहे, आणि ती गाठायला मोड अपुरे. एक मध्यम पेरू ती एकटा ओलांडतो, तेही कोणतंही पाकीट न फोडता.

राहिला प्रश्न कच्चे खावेत की शिजवून. जीवनसत्त्वासाठी कच्चे बरे, हे उघड आहे. पण मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची जी भयानक साथ आली, तिने पन्नासहून अधिक बळी घेतले आणि सुमारे चार हजार लोक आजारी पडले. तपासाचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. इथे पुन्हा डेल्फबाईंचं काम उपयोगी पडतं. कोबी वेगवेगळ्या तापमानांना शिजवून त्यांनी १९१८ मध्येच दाखवलं होतं की जीवनसत्त्व तापमानापेक्षा वेळेने जास्त मरतं. मंद आचेवर तासभर रटरटण्यापेक्षा मोठ्या आचेवर थोडा वेळ शिजवणं बरं. तेव्हा मोड घरी आणावेत, पाणी दोन-तीनदा बदलावं, आंबूस वास आला तर टाकून द्यावेत आणि कढईत झाकण ठेवून पटकन वाफ काढावी. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांनी कच्चे टाळलेलेच बरे.

हॅरिएट चिक १९७७ साली वारल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. ही माहिती हाती लागली तर कोणी तरी ‘मोडांचं रहस्य’ म्हणून ती पाकिटावर छापेल, अशी मला भीती आहे. खुद्द चिकबाईंना ते दाखवलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं: एकच बाई? आणि मोड न खाणारा दुसरा गट कुठे आहे?