पडदा झिजलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले बीव्हर डॅम हे गाव आणि सिडनीजवळचा ब्लू माउंटन्स हा डोंगराळ भाग जगभरच्या नेत्रतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे. बीव्हर डॅममध्ये १९८८ ते १९९० या काळात ४,९२६ जणांचे, तर ब्लू माउंटन्समध्ये १९९२ ते १९९४ मध्ये ३,६५४ जणांचे डोळे तपासले गेले. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या नजरेची नोंद ठेवली गेली. २००३ साली ही माहिती एकत्र मांडली तेव्हा तज्ज्ञ चपापले. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत पाच वर्षांच्या आत मॅक्युलर डीजनरेशनची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेची, शेवटची अवस्था जास्त प्रमाणात दिसत होती.

मग ज्यांचा पडदा आधीच झिजू लागला आहे, त्यांनी शस्त्रक्रिया करावी की नाही?

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाची जागा असते. तिला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. वाचणे, तांदूळ निवडणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे तिच्या भरवशावर चालतात. वयाबरोबर ती झिजू लागते. बहुतेकांमध्ये हा आजार ‘कोरडा’ असतो: पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात आणि पेशी सावकाश मरतात. दहा-पंधरा टक्के रुग्णांत तो ‘ओला’ होतो. तिथे नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते, आणि नजर काही आठवड्यांतही जाऊ शकते.

मोतीबिंदूचा मुक्काम दुसरीकडे, बाहुलीमागच्या भिंगात. पण वाढते वय आणि धूम्रपान ही दोन्ही आजारांची समान कारणे असल्याने ते पुष्कळदा एकाच डोळ्यात भेटतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, रंग मळकट वाटत असतील, तर संशय भिंगावर जातो. दाराची चौकट वाकडी दिसत असेल किंवा चेहऱ्याच्या जागी डाग येत असेल, तर पडद्यावर.

२००३ च्या निष्कर्षात एक अडचण होती. गढूळ भिंगाआडून डॉक्टरांनाही पडदा नीट दिसत नाही. त्यामुळे आधीपासून असलेला आजार भिंग बदलल्यावरच उघड होतो आणि दोष शस्त्रक्रियेच्या माथी बसतो. अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या मोठ्या अभ्यासात रुग्णांचे पडदे शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही ठरावीक काळाने तपासले जात होते. २००९ मध्ये त्याचा अहवाल आला: शस्त्रक्रियेमुळे आजार शेवटच्या अवस्थेकडे ढकलला जातो, असे स्पष्टपणे आढळले नाही.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अहवालाने फायदा मोजला. तपासणीच्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरे असतात. ज्यांचा पडदा निरोगी होता, त्यांना शस्त्रक्रियेनंतर सरासरी ८.४ अक्षरे जास्त वाचता आली. सौम्य आजारात ही वाढ ६.१, मध्यम आजारात ३.९ आणि शेवटच्या अवस्थेत १.९ अक्षरांची होती. म्हणजे फायदा सर्वांनाच झाला, पण पडदा जितका खराब तितका कमी. शेजारच्या काकूंना दुसऱ्या दिवशी पेपर वाचता आला, म्हणून आपल्यालाही येईल असे धरून चालणाऱ्या रुग्णाला हे आकडे आधीच सांगायला हवेत. नवे भिंग प्रकाश स्वच्छ आत सोडते. मेलेल्या पेशी ते परत आणत नाही. तरीही उजेड वाढणे, पायरीची कड नीट दिसणे, रंग खुलणे यांचे मोल तक्त्यावर पूर्ण उतरत नाही.

म्हणूनच तयारी महत्त्वाची. शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडदा पाहतात आणि शक्य असल्यास ओसीटी हा स्कॅन काढतात. त्यात पडद्याचे थर आणि त्यांत साचलेले पाणी दिसते. ओला आजार भडकलेला असेल, तर बहुधा आधी डोळ्यातल्या इंजेक्शनांनी तो आटोक्यात आणतात आणि मग मोतीबिंदूला हात लावतात. इंजेक्शने नंतरही चालू ठेवावी लागतात. ‘मोतीबिंदू पिकला की बघू’ ही जुनी सवय इथे दुहेरी महाग पडते: कडक झालेले भिंग फेकोने, म्हणजे अतिध्वनी लहरींनी, फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तोवर पडद्यावर लक्ष ठेवणेही अवघड होते.

भिंगाची निवडही जपून करावी लागते. जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणारे महागडे मल्टिफोकल भिंग येणारा प्रकाश वाटून टाकते, त्यामुळे फिक्या-गडद छटांमधला फरक ओळखणे कठीण होते. दुबळ्या पडद्याला ते सहसा मानवत नाही. साधे मोनोफोकल भिंग आणि वाचनाचा चष्मा बरा. निळा प्रकाश अडवणारे पिवळसर भिंग पडद्याचे रक्षण करते, याला अजून भक्कम पुरावा नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर घरी ॲम्सलर तक्ता हाताशी ठेवावा. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात वीस गुणिले वीस घरे आणि मधोमध एक ठिपका, एवढाच तो असतो. वाचनाचा चष्मा लावून, तक्ता फूटभर अंतरावर धरून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या किंवा काही घरे गायब झाली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. ओल्या आजारात इंजेक्शन जितके लवकर, तितकी नजर वाचण्याची शक्यता जास्त.